एक्झिट कोड

एक्झिट कोड म्हणजे संगणकावरील एखादी आज्ञावली आपले काम संपवताना, तिला सुरू करणाऱ्या आज्ञावलीसाठी मागे ठेवते ती लहानशी पूर्णांक संख्या होय. तिला निर्गम संकेतांक, रिटर्न कोड किंवा एक्झिट स्टेटस असेही म्हणतात. बहुतेक प्रणालींमध्ये ० हा अंक काम सुरळीत पार पडल्याचे सांगतो, तर शून्याखेरीज अन्य संख्या काहीतरी बिघडल्याचे किंवा वेगळे घडल्याचे सुचवते.

आज्ञावली पडद्यावर जो मजकूर छापते, तो माणसाने वाचावा यासाठी असतो. एक्झिट कोड हा एका आज्ञावलीने दुसरीला दिलेला निरोप असतो. हा निरोप आपोआप हाती पडत नाही. सुरू करणाऱ्या आज्ञावलीला तो मागून घ्यावा लागतो, आणि हाती आल्यावर योग्य रीतीने उलगडावाही लागतो. यांपैकी एक पायरी राहून गेली, तर फसलेले काम पूर्ण झाल्यासारखे दिसू शकते.

## पार्श्वभूमी

चालू असलेल्या आज्ञावलीला संगणकशास्त्रात *प्रक्रिया* म्हणतात. युनिक्स व तिच्या परंपरेतील लिनक्ससारख्या प्रणालींत प्रत्येक नवी प्रक्रिया आधीच्या एखाद्या प्रक्रियेतून जन्म घेते. सुरू करणारीला जनक प्रक्रिया आणि सुरू झालेलीला अपत्य प्रक्रिया असे म्हटले जाते. या व्यवहारात प्रामुख्याने चार सिस्टीम कॉल, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे केलेल्या विनंत्या, उपयोगात येतात.

* फोर्क : चालू प्रक्रियेची प्रत तयार करून अपत्य प्रक्रिया निर्माण करणे.
* एक्झेक : त्या अपत्य प्रक्रियेत नवी आज्ञावली आणून बसवणे.
* एक्झिट : काम संपवणे आणि संकेतांक मागे ठेवणे.
* वेट : अपत्य प्रक्रिया संपेपर्यंत थांबणे आणि तिचा संकेतांक ताब्यात घेणे.

अपत्य प्रक्रिया संपली, पण जनक प्रक्रियेने वेट हा कॉल केला नाही, तर संकेतांक वाया जाऊ नये म्हणून कर्नल त्या प्रक्रियेची नोंद पुसत नाही. अशा संपलेल्या, परंतु नोंद शिल्लक असलेल्या प्रक्रियेस *झोंबी* म्हणतात. तिची स्मृती व उघडलेल्या फाईली प्रणालीने परत घेतलेल्या असतात. तिचा क्रमांक, संकेतांक आणि थोडी आनुषंगिक माहितीच काय ती उरते. जनक प्रक्रियाच संपून गेली, तर अशी अपत्ये सामान्यतः प्रणालीच्या मूळ प्रक्रियेच्या ताब्यात जातात व तेथे त्यांची नोंद मिटवली जाते.

## इतिहास

संपलेल्या कामाने मागे संख्या ठेवण्याची पद्धत युनिक्सपेक्षा जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० या संगणकमालेच्या ओएस/३६० प्रणालीत प्रत्येक टप्प्याचा रिटर्न कोड १५ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये ठेवण्याचा प्रघात होता. ०, ४, ८, १२ व १६ असे हे संकेतांक चारच्या पटीत असत. यंत्रातील शाखा बदलण्याची सूचना ४ बाइटची असल्याने, आलेला संकेतांक थेट सूचनांच्या सारणीतील स्थान म्हणून वापरता येई. पुढचा टप्पा चालवायचा की वगळायचा, हे कार्यनियंत्रण भाषेतील अटींवरून ठरे.

बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन थॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या युनिक्सने लहान लहान आज्ञावल्या एकमेकींना जोडून मोठे काम करून घेण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे प्रत्येक आज्ञावलीने आपले यशापयश सांगणे हा व्यवहाराचा पायाच ठरला. १९७९ मधील सातव्या आवृत्तीसोबत आलेल्या बोर्न शेलमध्ये 'जर', 'जोपर्यंत' या अर्थाच्या रचना थेट आज्ञावलीच्या संकेतांकावर चालतात. १९८३ मधील एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने संकेतांक ठेवण्याची व मिळवण्याची सोय दिली. १९८९ मध्ये सी भाषेचे अमेरिकी प्रमाणीकरण झाले, तेव्हा यश व अपयश यांसाठी दोन प्रमाण नावे निश्चित करण्यात आली.

## संकेतांकाची रचना

युनिक्सप्रणीत प्रणालींत एक्झिट या कॉलला कोणतीही पूर्णांक संख्या दिली, तरी वेट या नेहमीच्या कॉलद्वारे जनक प्रक्रियेपर्यंत तिचे शेवटचे ८ बिटच पोहोचतात. म्हणून संकेतांक ० ते २५५ या मर्यादेत राहतो. −१ दिल्यास २५५ मिळतात आणि २५६ दिल्यास ० मिळतो. आढळलेल्या चुकांची संख्याच संकेतांक म्हणून परत करणारी आज्ञावली नेमक्या २५६ चुका सापडल्यावर यशाची ग्वाही देते, ती याच कारणाने.

वेट कॉलकडून मिळणारी संख्या हा एक्झिट कोड नसतो. ती *स्थितिदर्शक संख्या* असते आणि तिच्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. लिनक्समध्ये तिची मांडणी पुढीलप्रमाणे असते.

* सर्वांत खालचे ७ बिट : प्रक्रिया सिग्नलमुळे मारली गेली असल्यास त्या सिग्नलचा क्रमांक, अन्यथा ०.
* त्यानंतरचा १ बिट : प्रक्रिया कोसळताना तिच्या स्मृतीची प्रत काढली गेली काय याची खूण.
* त्यावरचे ८ बिट : प्रक्रिया स्वतःहून संपली असल्यास तिचा एक्झिट कोड.

एक्झिट कोड आठ बिट वरच्या बाजूला असल्याने स्थितिदर्शक संख्येत तो २५६ पट होऊन दिसतो.

| प्रक्रिया कशी संपली | स्थितिदर्शक संख्या |
|---|---|
| एक्झिट कोड ० | ० |
| एक्झिट कोड १ | २५६ |
| एक्झिट कोड ३ | ७६८ |
| एक्झिट कोड ६६ | १६८९६ |
| एक्झिट कोड १२७ | ३२५१२ |
| सिग्नल ९ मुळे मृत्यू | ९ |
| सिग्नल ११ मुळे मृत्यू, स्मृतीची प्रत काढली | १३९ |

संख्येला २५६ ने भागून किंवा तिचे बिट आठ घरे सरकवून कोड काढता येतो. तथापि ही मांडणी प्रत्येक प्रणालीत सारखीच असेल, असे प्रमाणग्रंथ सांगत नाहीत. म्हणून सी भाषेत त्यासाठी तयार मॅक्रो दिलेले आहेत. 'डब्ल्यूइफएक्झिटेड' हा मॅक्रो प्रक्रिया स्वतःहून संपली काय ते सांगतो, आणि तसे असेल तरच 'डब्ल्यूएक्झिटस्टेटस' या मॅक्रोने कोड काढायचा असतो. 'डब्ल्यूइफसिग्नल्ड' व 'डब्ल्यूटर्मसिग' हे मॅक्रो सिग्नलविषयी तीच माहिती देतात. पहिला प्रश्न न विचारता थेट कोड काढला, तर सिग्नलने मारल्या गेलेल्या प्रक्रियेचा कोड ० दिसतो, म्हणजे मध्येच मेलेली प्रक्रिया यशस्वी ठरते.

## सिस्टीम फंक्शन

सी भाषेतून बाहेरची आज्ञावली चालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे *सिस्टीम* हे फंक्शन. नावामुळे गैरसमज होण्याचा संभव असला, तरी तो स्वतः सिस्टीम कॉल नाही. ते प्रमाण ग्रंथालयातील फंक्शन असून फोर्क, एक्झेक व वेट या तिन्ही कॉलचे काम एकत्र करते. दिलेली आज्ञा ते शेलच्या हाती सोपवते आणि शेल ती चालवतो. पोसिक्स प्रमाणानुसार त्याच्याकडून पुढील उत्तरे मिळू शकतात.

* अपत्य प्रक्रिया निर्माणच झाली नाही किंवा तिची स्थिती मिळवता आली नाही, तर −१.
* शेल चालवता आला नाही, तर जणू शेल १२७ या कोडने संपला असावा अशी स्थितिदर्शक संख्या.
* अन्यथा, वेट कॉलच्याच धर्तीवरील शेलची स्थितिदर्शक संख्या.

शेल सुरू झाला, पण त्याला सांगितलेली आज्ञावली सापडली नाही, तरीही १२७ हाच कोड मिळतो. आज्ञावलीच्या नावातील एका अक्षराच्या चुकीमुळे लिनक्सवर सिस्टीम फंक्शनकडून ३२५१२ ही गोंधळात टाकणारी संख्या येते, ती १२७ गुणिले २५६ असते.

या फंक्शनसंबंधी एक चूक विशेष घातक आहे. मुख्य आज्ञावली सिस्टीम फंक्शनचे उत्तर जसेच्या तसे आपला एक्झिट कोड म्हणून परत करते, असे पुष्कळदा आढळते. आतील आज्ञावली १ या कोडने अपयशी ठरली, तर उत्तर २५६ येते. ते एक्झिटला दिल्यावर त्यातील शेवटचे ८ बिटच पुढे जातात आणि बाहेर ० पडतो. आतील कोड १ असो, ३ असो वा १२७ असो, त्याची २५६ पट संख्या शेवटी शून्यच होते. परिणामी अशी आज्ञावली स्वतःहून संपलेल्या प्रत्येक अपयशाला यश म्हणून पुढे पाठवते. चाचणीच्या वेळी सर्व काही ठीक चालत असल्याने ही चूक सहसा लक्षात येत नाही, कारण यशाच्या वेळीही उत्तर शून्यच असते.

दुसरी अडचण सिग्नलची. अपत्य प्रक्रिया संपल्याचा सिग्नल दुर्लक्षित करण्याची सूचना मुख्य आज्ञावलीने आधीच देऊन ठेवली असेल, तर अनेक प्रणालींत अपत्याची स्थिती राखूनच ठेवली जात नाही. मग आतील काम व्यवस्थित होऊनही सिस्टीम फंक्शन −१ परत करते. येथे यश हे अपयशासारखे दिसते.

## शेलमधील संकेतांक

शेलमध्ये नुकत्याच संपलेल्या आज्ञेचा कोड डॉलर व प्रश्नचिन्ह ( $? ) या जोडचिन्हातून मिळतो. येथे २५६ चा गुणाकार नसतो, कारण शेलने स्थितिदर्शक संख्या आधीच उलगडलेली असते. प्रक्रिया सिग्नलमुळे मारली गेली असल्यास बॅशसारखे प्रचलित शेल १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून कोड दाखवतात.

| कोड | रूढ अर्थ |
|---|---|
| ० | यश |
| १ | सर्वसाधारण अपयश |
| २ | अनेक आज्ञावल्यांत चुकीचा वापर किंवा गंभीर अडचण |
| १२४ | 'टाइमआउट' या आज्ञेने दिलेली मुदत संपली |
| १२६ | फाईल सापडली, पण चालवता आली नाही |
| १२७ | आज्ञावली सापडली नाही |
| १३० | वापरकर्त्याने कंट्रोल व सी दाबून थांबवले (१२८ + २) |
| १३७ | सिग्नल ९ ने सक्तीने मारले (१२८ + ९) |
| १३९ | निषिद्ध स्मृतीला हात लावल्याने कोसळली (१२८ + ११) |
| १४३ | थांबण्याची विनंती मान्य करून संपली (१२८ + १५) |

लिनक्सवर स्मृती अपुरी पडल्यास कर्नल एखादी प्रक्रिया सिग्नल ९ ने मारते. त्यामुळे १३७ हा कोड दिसल्यास आज्ञावलीतील तर्काआधी स्मृतीचा वापर तपासण्याचा सल्ला दिला जातो.

अपयशाचे प्रकार सांगण्यासाठी बर्कली युनिक्सच्या परंपरेत ६४ ते ७८ या कोडांची एक यादी तयार झाली. तीत ६४ हा चुकीच्या वापरासाठी, ६५ सदोष विदेसाठी, ६६ निवेशाची फाईल न मिळाल्यास, ७५ तात्पुरत्या अपयशासाठी आणि ७७ परवानगी नसल्यास वापरतात. ही यादी बंधनकारक नाही.

## अन्य भाषा व प्रणाली

* पर्ल : सिस्टीम फंक्शनकडून स्थितिदर्शक संख्या मिळते व ती $? मध्येही राहते. शेलमध्ये हेच चिन्ह उलगडलेला कोड देते, म्हणून दोन्ही भाषा वापरणाऱ्यांचा घोटाळा होतो. पर्लमध्ये ती संख्या आठ बिट उजवीकडे सरकवावी लागते. आज्ञावली सुरूच झाली नाही, तर −१ मिळते.
* पायथन : सबप्रोसेस या मॉड्यूलमधील रन फंक्शन उलगडलेला कोड देते. सिग्नलने मारलेल्या प्रक्रियेसाठी तो ऋण असतो, उदाहरणार्थ −९. 'चेक' हा पर्याय चालू ठेवल्यास अपयशावर अपवाद उद्भवतो व आज्ञावली पुढे जात नाही. जुन्या ओएस मॉड्यूलमधील सिस्टीम फंक्शन युनिक्सवर न उलगडलेली संख्या देते. ती उलगडण्यासाठी २०२० मधील ३.९ या आवृत्तीत स्वतंत्र फंक्शन आले.
* पीएचपी : एक्झेक फंक्शनच्या तिसऱ्या व सिस्टीम फंक्शनच्या दुसऱ्या चलात कोड मिळतो. शेल-एक्झेक हे फंक्शन केवळ छापलेला मजकूर देते. कोड हवा असल्यास ते उपयोगाचे नाही.
* जावा : प्रक्रियेच्या वेटफॉर या पद्धतीने ती संपेपर्यंत थांबून कोड घेता येतो. प्रक्रिया चालू असतानाच कोड मागितला, तर अपवाद उद्भवतो.
* विंडोज : येथे कोड ३२ बिटांचा असतो. प्रक्रिया संपेपर्यंत थांबून मग तो मागावा लागतो. आधीच मागितल्यास २५९ ही संख्या मिळते व तिचा अर्थ 'अद्याप चालू' असा असतो. बॅच फाईलमध्ये 'इफ एररलेव्हल' ही रचना कोड दिलेल्या संख्येइतका *किंवा त्याहून मोठा* असल्यास खरी ठरते. म्हणून तपासणी मोठ्या संख्येकडून लहान संख्येकडे करावी लागते.

## अर्थातील भिन्नता

शून्य म्हणजे यश आणि बाकी सर्व अपयश, हा नियम सरसकट लागू होत नाही. मजकूर शोधणारी ग्रेप ही आज्ञावली शब्द सापडल्यास ०, न सापडल्यास १ आणि फाईल वाचताच न आल्यास २ परत करते. दोन फाईलींची तुलना करणारी डिफ ही आज्ञावली त्या सारख्या असल्यास ०, भिन्न असल्यास १ आणि अडचण आल्यास २ देते. या दोन्ही ठिकाणी १ हे अपयश नसून उत्तर आहे. विंडोजवरील रोबोकॉपी फाईली नीट उतरवून घेतल्यावर १ देते आणि ८ किंवा त्याहून मोठा कोड आल्यासच काम फसलेले समजतात. व्हीएमएस या प्रणालीत तर विषम संख्या यशाच्या व सम संख्या अपयशाच्या असत. म्हणून कोणतीही आज्ञावली चालवण्यापूर्वी तिच्या माहितीपुस्तिकेतील संकेतांकांचा भाग पाहणे आवश्यक ठरते.

## उदाहरण : तालुकानिहाय पाऊस

संकेतांक न तपासल्याने काय घडू शकते, हे पुढील कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा, पालम व जिंतूर हे नऊ तालुके आहेत. समजा, एका तालुक्याच्या पर्जन्यनोंदींची फाईल वाचून त्या दिवसाचा पाऊस काढणारी एक लहान आज्ञावली आहे आणि मुख्य आज्ञावली तिला नऊ वेळा चालवून जिल्ह्याची सरासरी काढते. लहान आज्ञावली काम झाल्यास ०, फाईलमधील नोंदी सदोष असल्यास ६५ आणि फाईल न मिळाल्यास ६६ हा कोड देते.

एके दिवशी पालम तालुक्याची फाईल आली नाही. लहान आज्ञावलीने ६६ हा कोड देऊन आपले कर्तव्य बजावले. मुख्य आज्ञावलीने तो पाहिला नाही. उत्तराच्या जागी काहीच न आल्याने तिने पालमचा पाऊस ० मिलिमीटर धरला. उरलेल्या आठ तालुक्यांची बेरीज ३६० मिलिमीटर असेल, तर त्यांची सरासरी ४५ मिलिमीटर येते. मुख्य आज्ञावलीने मात्र नऊने भागून ४० मिलिमीटर ही सरासरी छापली. तक्त्यात कोठेही रिकामी जागा नाही, चुकीचा संदेश नाही, आणि आकडाही अशक्य वाटावा असा नाही.

येथे 'पाऊस पडला नाही' आणि 'पावसाची नोंद मिळाली नाही' या दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच शून्यात मिसळल्या. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानण्याचा निकष रूढ आहे, आणि पिकांच्या नुकसानीचे पंचनामे व मदत यांचा अशा नोंदींशी संबंध येतो. ज्या गावात ओढ्याला पूर आला, त्या गावाच्या नावापुढे शून्य छापला जाणे ही केवळ गणिती चूक राहत नाही.

या उदाहरणातील दुरुस्ती लहान आहे. प्रत्येक वेळी कोड तपासावा. तो ६६ असल्यास त्या तालुक्यापुढे 'नोंद अप्राप्त' असे छापून सरासरी आठने काढावी. ६५ असल्यास फाईल माणसाकडे तपासणीस पाठवावी. कोड अनपेक्षित असल्यास किंवा प्रक्रिया सिग्नलने मेली असल्यास तक्ता प्रसिद्धच करू नये. शेवटी मुख्य आज्ञावलीनेही स्वतःचा योग्य कोड मागे ठेवावा, कारण तिलाही कोणीतरी सुरू केलेले असते.

## हवामान अंदाज व महासंगणन

मोठ्या गणनांमध्ये अशा साखळ्या शेकडो टप्प्यांच्या असतात. हवामानाच्या संख्यात्मक अंदाजात निरीक्षणे गोळा करणे, ती तपासणे, प्रतिमान चालवणे आणि निघालेल्या आकड्यांचे नकाशे व तक्ते करणे हे टप्पे ओळीने येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरणीय अंदाज केंद्राच्या कार्यप्रवाहात प्रत्येक मुख्य आज्ञावलीनंतर $? मधील कोड एका चलात साठवून तो तपासणारी छोटी आज्ञावली लगेच चालवण्याची शिस्त आहे. कोड शून्य नसल्यास काम तेथेच थांबते.

भारतात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्युष' आणि २०२४ मध्ये 'अर्क' हे महासंगणक कार्यान्वित झाले. येथे विकसित झालेली ६ किलोमीटर विभेदनाची भारत अंदाज प्रणाली मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आली. हवामान अंदाजाच्या आधारे ग्रामीण कृषी मौसम सेवेतून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, कृषी हवामान सल्ला दिला जातो. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात या सेवेचे केंद्र आहे. पेरणी, फवारणी वा काढणी पुढे ढकलावी काय, हे ठरवणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचणारा सल्ला अनेक आज्ञावल्यांच्या साखळीवर उभा असतो, आणि त्या साखळीतील प्रत्येक दुव्याने आधीच्या दुव्याची विचारपूस करणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील 'परम ब्रह्म' यांसारख्या महासंगणकांवर कामांची रांग लावण्यासाठी स्लर्म ही व्यवस्था वापरतात. ती प्रत्येक कामाचा निकाल अपूर्णविरामाने जोडलेल्या दोन संख्यांत दाखवते. डावीकडे एक्झिट कोड व उजवीकडे सिग्नल. १:० म्हणजे काम स्वतःहून अपयश सांगून संपले, तर ०:९ म्हणजे ते सक्तीने मारले गेले. दुसऱ्या प्रकारात डावीकडचा शून्य पाहून समाधान मानता येत नाही.

## नेहमी होणाऱ्या चुका

* मध्ये दुसरी आज्ञा येणे : शेलमधील $? नुकत्याच संपलेल्या आज्ञेचा कोड सांगते. मध्ये एखादी ओळ छापली, तरी मूळ कोड पुसला जाऊन छपाईचा कोड त्याच्या जागी येतो. म्हणून तो लगेच स्वतंत्र चलात साठवतात.
* आज्ञांची नळजोडणी : एका आज्ञेचा मजकूर पाइपद्वारे दुसरीला दिल्यास सामान्यतः शेवटच्या आज्ञेचाच कोड मिळतो. पहिली कोसळली आणि शेवटची नीट संपली, तर एकूण निकाल ० येतो. 'पाइपफेल' हा पर्याय चालू केल्यास कोणत्याही दुव्याचे अपयश दिसते. २०२४ च्या पोसिक्स प्रमाणात या पर्यायाचा समावेश झाला.
* पार्श्वभूमीत चालवणे : आज्ञा पार्श्वभूमीत सोडल्यावर लगेच मिळणारा ० हा केवळ ती सोडली गेल्याचा असतो. तिचा खरा कोड नंतर वेट या आज्ञेने घ्यावा लागतो.
* छापील मजकुरावर विसंबणे : 'एरर' हा शब्द शोधून अपयश ठरवणे बेभरवशाचे असते. भाषा किंवा आवृत्ती बदलताच तो मजकूर बदलतो.
* परतीची ओळ विसरणे : सी भाषेच्या १९९९ पूर्वीच्या प्रमाणात मुख्य फंक्शनच्या शेवटी मूल्य परत न केल्यास कोड अनिश्चित राही. १९९९ च्या प्रमाणाने अशा वेळी ० ठरवून दिला.

## गिटलॅब घटना

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संकेतस्थळाच्या मुख्य विदागारातील माहिती देखभालीच्या कामात चुकून पुसली गेली. राखीव प्रत शोधू लागल्यावर असे आढळले, की नियमित प्रत काढणारी आज्ञावली विदागाराच्या आवृत्तीशी न जुळणारी असल्याने प्रत्येक वेळी अपयशी ठरत होती आणि प्रती साठवण्याची जागा रिकामी होती. अपयशाची सूचना ई-मेलने जाण्याची योजना होती, परंतु ते ई-मेल प्रमाणित नसल्याने स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडून नाकारले जात होते. सुदैवाने एका अभियंत्याने सुमारे सहा तास आधी हाताने काढलेली प्रत उपलब्ध होती. तिच्यावरून सेवा पूर्ववत झाली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीने या घटनेचा सविस्तर अहवाल स्वतःहून प्रसिद्ध केला.

या घटनेत आज्ञावलीने अपयश दडवले नव्हते. ते ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचले नव्हते. ठरावीक वेळी कामे चालवणारी क्रॉन ही व्यवस्था सामान्यतः छापलेला मजकूर ई-मेलने पाठवते, पण एक्झिट कोड पाहून स्वतः काही निर्णय घेत नाही. म्हणून महत्त्वाच्या कामांत अपयशाची सूचना येण्याची वाट पाहण्याऐवजी यशाची पोच रोज येते काय, हे पाहण्याची पद्धत अधिक सुरक्षित मानली जाते. पोच आली नाही, की चौकशी सुरू होते.

## मर्यादा

एक्झिट कोड आज्ञावलीने स्वतःविषयी दिलेले निवेदन असते. तो ० असला, तरी निघालेले उत्तर बरोबर आहे असे सिद्ध होत नाही. रिकामी फाईल वाचून रिकामा तक्ता बनवणारी आज्ञावलीही ० देऊ शकते. शिवाय काय बिघडले याचा तपशील एका लहान संख्येत मावत नाही. तो नोंदवहीत किंवा त्रुटी-संदेशांच्या प्रवाहात लिहावा लागतो. यामुळे महत्त्वाच्या कामांत कोड तपासण्याबरोबरच फाईलचा आकार, नोंदींची संख्या व तारीख यांचीही पडताळणी केली जाते.

## हेही पाहा

* ऑपरेटिंग सिस्टीम
* युनिक्स
* लिनक्स
* सी (प्रोग्रॅमिंग भाषा)
* महासंगणक
* परभणी जिल्हा